मॅटखालची फळी

रघुजीनं पेचकस मॅटच्या कडेखाली सरकवला आणि श्वास रोखून हळूच वर उचलला. पन्नास वर्षांचं रबर ते. जोर केला असता तर पापडासारखं हातात आलं असतं. डाव्या सीटपुढची मॅट वीतभर उचलली गेली. खाली गंजलेला पत्रा दिसायला हवा होता. जुन्या फियाटमध्ये तिथं दुसरं काही नसतंच. पण दिसलं ते लाकूड.

"गिरी, दिवा आण इकडं."

गिरीराज त्याचा पेंटर. वीस वर्षं दोघं एकत्र काम करत होते आणि वीस वर्षं एकमेकांवर कुरकुरत होते. तो दिवा घेऊन आला आणि वाकून बघत राहिला.

जुन्या गाडीतून काय निघेल याचं नवल रघुजीला आताशा वाटत नसे. बेंगळूरुत, कलासीपाळ्याच्या मागच्या गल्लीतल्या त्या शेडमध्ये चाळीस वर्षांत त्यानं बरंच काही बघितलं होतं. दाराच्या पत्र्यात पडलेले फोटो, सीटच्या काथ्यात रुतलेली मोत्याची कुडी, आणि एकदा एका ॲम्बॅसेडरच्या डिकीत, अस्तरामागं, प्रेमपत्रांचा गठ्ठा. तो त्यानं गुपचूप मालकाच्या हातात ठेवला होता. मालकीण शेजारीच उभी होती, पण तिच्याकडं त्यानं मान वर करूनही बघितलं नाही.

हे मात्र कुणी विसरलेलं किंवा लपवून ठेवलेलं सामान नव्हतं. सागवानाच्या पाच फळ्या पत्र्याच्या उंचसखल अंगाला अशा बसवल्या होत्या की सांध्यात नखसुद्धा शिरत नव्हतं. खाली नमद्याचा थर होता, गाडी खडखडली तरी लाकूड बोलू नये म्हणून. स्क्रूंची डोकी लाकडात बुडवलेली होती आणि सगळ्यांच्या खाचा एकाच दिशेला होत्या. मॅटखाली, जिथं जन्मात कुणाची नजर जाणार नाही, तिथं!

"हे सुताराचं काम नाही अण्णा," गिरीराज म्हणाला. "सुतार एवढा वेळ देत नाही."

"कुणाचंही असू दे. हात बघ त्याचा."

रघुजीनं फळीवरून तळवा फिरवला. दुसऱ्याच्या कामाची स्तुती त्याच्या तोंडून सहज निघत नसे, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. पण त्या दिवशी त्यानं शेजारच्या बॅटरीवाल्याला आणि समोरच्या रेडिएटरवाल्याला हाक मारून बोलावलं आणि स्वतःच्याच घरचं कार्य असल्यासारखं एकेक सांधा दाखवला.

सगळे गेल्यावर त्यानं सवयीनं फळ्यांवर पाणसळ ठेवली. आतला बुडबुडा सरळ डावीकडं पळाला.

त्यानं पाणसळ उलटी करून ठेवली, फडक्यानं पुसली, पुन्हा ठेवली. काही फरक नाही. फळ्या डावीकडं चढत्या होत्या, उजवीकडं उतरत्या. एवढा कसबी हात आणि जमीन वाकडी? रघुजीला मनापासून वाईट वाटलं. म्हातारपणी केलं असेल बिचाऱ्यानं, नजर दगा देत असेल. अशा माणसाची एक चूक आपण निस्तरली तर त्यात त्याचा मानच आहे, असं त्याला वाटलं.

गाडी अक्षरानं दिली होती. एचएसआर लेआउटला राहणारी, कंप्युटरवर काम करणारी पोरगी. आजोबांची गाडी आजीसाठी पुन्हा उभी करायची म्हणून हट्टाला पेटलेली. "सगळं कंपनीतून निघालं तसं करा काका," एवढंच तिनं सांगितलं होतं. त्या हिशेबानं लाकूड काढून टाकायला हवं होतं. रघुजीला तो धीर झाला नाही. त्यानं फळ्या जपून सोडवल्या, नंबर घालून ठेवल्या, आणि खालचा पत्रा नवा झाल्यावर पुन्हा बसवण्याआधी त्यांच्यावरून रंधा फिरवला. बुडबुडा बरोबर मध्यात येईपर्यंत. किती लाकूड गेलं, ते त्यानं मोजलं नाही. वाकड्याचं माप घेऊन करायचं काय?

---

दोन दिवसांवर सण आला. ज्याला सगळं बेंगळूरु आयुधपूजा म्हणतं आणि रघुजीच्या घरी, महाराष्ट्र सोडून तीनशे वर्षं झाली तरी, खंडेनवमीच म्हणतात, तो. त्या दिवशी गाडी न्यायची असं ठरलं होतं, पण आजीला धीर धरवेना म्हणून अक्षरा तिला मल्लेश्वरमहून रिक्षानं घेऊन आली.

रघुजी दाराच्या मुठी पुसत होता. त्यानं आधी पावलं ऐकली. एक भरीव, एक हलकं. एक भरीव, एक हलकं. मग त्यानं वर बघितलं.

वसुमतीबाई पंचाहत्तरीच्या असतील. बारीक अंग, सुती साडी, हातात काठी नाही. फिकट निळ्या फियाटपाशी येऊन त्या थांबल्या आणि बॉनेटवर त्यांनी नुसती बोटं टेकवली.

"कित्ती छान केलीत," त्या म्हणाल्या. "घरात आणली होती तेव्हाही एवढी झळकत नव्हती."

"अज्जी, बस ना आत," अक्षरा म्हणाली. "तुझ्या जागेवर."

वसुमतीबाईंनी गाडीच्या दाराशी चपला काढल्या. अक्षरा हसली. "आजोबांचा नियम, काका. गाडीत कुणी चपला घालून बसायचं नाही. ही माझ्या गाडीतसुद्धा काढते."

रघुजीचं तिच्या बोलण्याकडं लक्ष नव्हतं. तो खाली बघत होता. उजवी चप्पल साधी होती. डावीचा तळ चांगला जाड होता, मोच्याकडून थरावर थर बसवून घेतलेला. आणि वसुमतीबाई आता अनवाणी उभ्या होत्या. त्यांचा डावा पाय फक्त चवड्यावर टेकला होता, टाच अधांतरी.

त्याच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. डोळ्यांपुढं रंध्याखालून सुटणाऱ्या सागवानाच्या सालपटांचा ढीग आला. आपण काय तासून टाकलं, ते त्याला तेव्हा कळलं.

"अक्का, नको!" तो एकदम म्हणाला. आवाज जरा मोठाच निघाला. "आत मॅट चिकटवायचं सोल्युशन ओलं आहे. साडी खराब होईल. नवमीला बसा."

वसुमतीबाईंनी त्याच्याकडं क्षणभर निरखून बघितलं.

"सरी, नवमीला बसते," त्या म्हणाल्या. "मॅट तीच ठेवलीय ना?"

"तीच आहे."

"बरं केलंत. हे फाउंड्रीत लाकडी साचे करायचे. सुताचा दहावा भाग इकडं तिकडं झाला तर जेवण जायचं नाही त्यांना. गाडीचं जे काही लाकूडकाम असेल ते सगळं त्यांच्याच हातचं."

रघुजीनं मान हलवली. गिरीराजनं दोघींना कॉफीसाठी आतल्या खोलीत नेलं. तिथं तुळजाभवानीची तसबीर होती, म्हणून वसुमतीबाई चपला गाडीपाशीच ठेवून अनवाणी गेल्या, अक्षराच्या खांद्यावर हात ठेवून.

त्या आत गेल्याची खात्री करून रघुजीनं आधी साबणानं हात धुतले. मग तो गाडीच्या आडोशाला उकिडवा बसला, त्यानं डावी चप्पल उचलली, उजवी उचलली, आणि दोन्ही तळांची जाडी कॅलिपरनं मोजली. फरक एक इंच. भिंतीवर खडूनं आकडा लिहिला, चपला होत्या तशा, होत्या त्याच कोनात ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी त्यानं शेडमधली बाकीची सगळी कामं बाजूला सारली. जुन्या चौकटीतलं मुरलेलं सागवान काढलं आणि एका बाजूला एक इंच, दुसऱ्या बाजूला कागदाएवढी, अशी पाचर तासायला बसला. काम बघायला सोपं वाटतं. पण अक्षराच्या आजोबांनी, योगीराज नावाच्या त्या न पाहिलेल्या माणसानं, केलेला उतार पायाला कुठं सुरू होतो ते कळू नये असा होता, आणि रघुजीच्या पाचरीवर तळवा फिरवला की कळत होता. दोन पाचरी त्यानं फेकून दिल्या. तिसरी जमली तेव्हा दुपार कलली होती.

"माणूस होता की कोण," तो गिरीराजला म्हणाला. "मी मेलो तरी माझ्याच्यानं असं होणार नाही."

"दाखवताना सांगून टाक ना त्यांना, काय झालं ते."

"काय सांगू? तुमच्या नवऱ्यानं जे केलं होतं ते मी अक्कल पाजळून मोडलं म्हणून?"

त्यानं स्क्रू पिळले, त्यांच्या खाचा एका रांगेत आणल्या, मॅट अंथरली. कुणालाही काही कळणार नाही असं झालं होतं. तेवढ्यावर निभावलं तर बरं, असं त्यानं मनात म्हटलं आणि घरी जाऊन न जेवता झोपला.

---

नवमीच्या सकाळी शेड धुऊन निघाली होती. रांगोळी, झेंडूच्या माळा, दारात फोडायचा कोहळा. तसबिरीपुढं हातोड्या, पाने, रंधा, पटाशा, करवत, सगळी हत्यारं हळदकुंकू लावून ओळीनं मांडलेली होती. आज ती देवीची. दसऱ्याची पूजा होईपर्यंत त्यांना कुणी हात लावायचा नाही. रघुजीच्या बापानं लावला नव्हता, आज्यानंही नाही.

वसुमतीबाई आल्या. त्यांनी चपला काढल्या आणि अक्षराचा हात धरून त्या डाव्या सीटवर बसल्या. दोन्ही पाय मॅटवर ठेवले.

अक्षरा फोनवर फोटो काढत होती. रघुजी दाराशी उभा होता, हात मागं बांधून, शाळेत उभा असल्यासारखा.

"हे तुम्ही केलंत," वसुमतीबाई म्हणाल्या.

रघुजीची मान खाली गेली.

"चुकलो अक्का. लाकूड वाकडं दिसलं, मी रंधा मारला. परवा तुमचा पाय बघितला तेव्हा डोक्यात उजेड पडला. चपलेवरून माप घेतलं, तुम्हाला न विचारता. साहेबांच्या तोडीचं झालेलं नाही, मला माहीत आहे."

"कुठलं लाकूड?" अक्षरानं विचारलं. "अज्जी, काय झालं?"

"मॅटखाली आजोबांनी फळी घातली होती, माझ्या ह्या पायासाठी. लग्नानंतर तीन वर्षांनी. मला सांगितलं नाही. आणि मला कळलं, हे मीही त्यांना सांगितलं नाही." त्या रघुजीकडं वळल्या. "तुमचं माप अगदी बरोबर आहे. पाय कसा सपाट टेकलाय बघा."

रघुजीनं सुटकेचा श्वास सोडला.

"त्यांचं बरोबर नव्हतं," वसुमतीबाई म्हणाल्या.

"साहेबांचं?"

"हं. एक बोट उंच होतं. साचा नेहमी थोडा मोठा करायचा, ओतलेला धातू निवताना आटतो म्हणून, ती सवय हाताला. आणि माप घेणार कसं? माझ्या पायाला हात लावून विचारायचं त्यांच्यात धाडस नव्हतं. अंदाजानं केलं. मी चाळीस वर्षं गुडघा जरा वर धरून बसले. म्हैसूरपर्यंत जायचो, तरी तशीच."

"सांगायचं ना मग!" अक्षरा म्हणाली.

"सांगायचं तर आधी पायाबद्दल बोलावं लागलं असतं." त्या हसल्या, पण डोळे भरून आले होते. "एवढा काटेकोर माणूस. जन्मात एकच माप चुकला, ते माझ्यासाठी."

त्यांनी पाऊल मॅटवर पुढं-मागं सरकवलं. आपलं नसलेलं काहीतरी चाचपावं तसं.

"रघुजी, ते परत तेवढं उंच करून द्याल? सण होऊ दे. घाई नाही."

रघुजी तसबिरीपुढं गेला, हात जोडून उभा राहिला, अंमळ जास्तच वेळ. मग त्यानं ओळीतून करवत आणि रंधा उचलला. बोटांना कुंकू लागलं.

"अण्णा, आज?" गिरीराज पुटपुटला.

"आजच."

मॅट गुंडाळून तो गाडीच्या दाराशी गुडघे टेकून बसला. कानामागची पेन्सिल काढली.

"अक्का, पाय धरा. धरायचात तसा."

वसुमतीबाईंनी निऱ्या सावरल्या आणि डावा पाय वर उचलला. खाली काही नव्हतं, तरी पाऊल हवेत एका जागी येऊन आपसूक थांबलं आणि तिथंच स्थिर राहिलं. रघुजीनं त्याच्या बाजूला कडेच्या पत्र्यावर बारीक रेघ ओढली.

"इथं?"

त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

"नाही," त्या म्हणाल्या. "स्वल्प अजून वर."