सासऱ्यांच्या घड्याळातलं तेल

मे महिन्यात नागपुरात कूलर बंद करायला सांगणारा माणूस एक तर वेडा असतो, नाहीतर माझा नवरा. "वाऱ्यानं पुर्जे उडते," म्हणत कुशलनं पंखाही बंद केला, टेबलावर पांढरी चादर अंथरली आणि सासऱ्यांचं घड्याळ उघडलं. हिंगण्याच्या कारखान्यातून मिळणारी आठवड्याची एकुलती एक सुटी याच्या चिमट्यांत आणि पेचकसांत जाते. एरवी मी धुसफुसते आणि गप्प बसते. आज मात्र बसवतच नव्हतं.

सासरे जागेश्वर दोन वर्षांपूर्वी गेले, त्यांचा कापड विणायचा माग विकला गेला, उरलं ते हे चावीचं मनगटी घड्याळ. सासूबाई, तुळजाबाई, रोज सकाळी त्याला चावी देत, कानाला लावत आणि मगच चहा घेत. गेलं वर्ष-दीड वर्ष ते पुढे पळत होतं आणि त्याच्यामागे त्या. एका लग्नात तर आम्ही मांडववाल्यांच्याही आधी हजर! मागच्या आठवड्यात ते बंदच पडलं. तेव्हापासून सासूबाईंच्या जिवाला चैन नाही, नुसत्या या खोलीतून त्या खोलीत. बाजारात दुरुस्तीला द्यायला तयार नाहीत. "तूच कर गा," असं कुशलला सांगून त्या उमरेडला भाचीकडे गेल्या. संध्याकाळी परत येणार होत्या. त्याआधी ते चालायलाच हवं होतं.

"झालं का?"

"अंजू, बोलू नको वं. हात हलते."

मी खिडकीशी गेले, परत आले, पुन्हा गेले. डोळ्याला भिंग अडकवून तो बालकमानी बघत होता, केसाहून बारीक वेटोळ्यांची स्प्रिंग. नाकावरून घाम टपकत होता.

"वेटोळे एकमेकाले चिपकले. म्हणून पळे. मंग तेल घट्ट झालं अन् सारंच जाम." तो एकदम ओरडला, "कोण्या गाढवानं ओतलं बे यात तेल?"

"मी."

दारात सासूबाई उभ्या होत्या. भाचीच्या नवऱ्यानं मोटरसायकलवर लवकर आणून सोडलं होतं.

"दसऱ्याले तुये बाबा मागाची पूजा करत, धोट्याले तेल लावत. माग गेला, मंग मी पूजेत घड्याळ ठेवलं. सुरीनं मागचं झाकण काढलं अन् जवसाचं तेल सोडलं. दोन्ही दसऱ्याले. त्याइचं अवजार कोरडं कसं ठेवू?" मग आवाज बारीक झाला. "म्हंजे मीच मारलं का गा?"

मी कुशलला डोळ्यांनी खुणावलं, खोटं बोल म्हणून. पण हा कसला बोलतो!

"हो माय," तो म्हणाला. लाटणं फेकून मारावंसं वाटलं मला. "पण मेलं नाही. बस इथं."

त्या बसल्या नाहीत. त्यानं बालकमानी पेट्रोलच्या वाटीत बुडवून काढली, रबरी फुंकणीनं वाळवली. बाकीचे पुर्जेही तसेच धुऊन जागी बसवले. मग डोळ्याचं भिंग काढून आईच्या हातात दिलं आणि घड्याळाच्या तेलात टोक बुडवून सुईही दिली.

"हा चाकाखालचा लाल खडा दिसते ना? त्याले टोक टेकव."

"येवढंसं?"

"येवढंच. आता दर दसऱ्याले नाही. मी सांगीन त्या दसऱ्याले, अन् झाकण मी उघडीन. तेल तूच लाव."

जन्मभर सासऱ्यांच्या मागावर तुटलेले धागे सांधलेला हात. श्वास रोखून त्यांनी सुई टेकवली.

कुशलनं बालकमानीचं चाक बसवलं. हललं, थांबलं. मी पदराचं टोक चावत होते. आणि मग ते चाललं.

सासूबाईंनी घड्याळ कानाला लावलं. बराच वेळ ऐकलं. कपाळावर आठी आली.

"हळू चालून राहिलं."

"हळू नाही, माय. बरोबर."

तेव्हा कुठे त्या खुर्चीवर टेकल्या. घड्याळ मांडीवर ठेवून माझ्याकडे बघत राहिल्या.

"मंग येवढे दिवस मी कोणाच्या मागं पळत होती वं, अंजू?" म्हणाल्या आणि रडायला लागल्या. सासरे गेले तेव्हाही त्या अशा रडल्या नव्हत्या.

मी उठून कूलर लावला. चादरीवरचा एक बारीक पेच उडून गेला, पण कुशल तो शोधायचं सोडून आईच्या खुर्चीपाशी जाऊन बसला.