वस्तादाचा हात

गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की वस्ताद लगेच कात्री उचलत नसे. दोन्ही हात त्याच्या डोक्यावर ठेवून जरा वेळ नुसता उभा राही आणि मग सांगे, रात्री झोप झालेली नाही तुमची. किंवा, घरी भांडून आलात वाटतं. बहुतेक जण हसून हो म्हणत. ज्यांचं भांडण झालेलं नसे त्यांचं संध्याकाळपर्यंत होत असावं. सलून काय, दोन खुर्च्यांचं, आरसा एका कोपऱ्यात डागाळलेला. पण वस्तादाच्या चंपीसाठी लोक लांबून येत आणि खुर्चीतच घोरायला लागत. हात आहे बुवा वस्तादाचा, असं ज्याच्या त्याच्या तोंडी. ऐकून ऐकून त्याला सवय झाली होती, तरी गोड लागायचं ते लागायचंच.

या हाताचा खरा मान मात्र घरात होता, निदान वस्ताद तसं धरून चालला होता. बायकोला अर्धशिशी. डोकं चढलं की तिचा उजवा डोळा उघडत नसे. उजेड नको, आवाज नको, पोटात पाण्याचा घोट ठरत नसे. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची बिचारी. नव्या संसारात पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा वस्तादाचं धाबं दणाणलं, आणि घाबरलेला माणूस आपल्याला जे येतं तेच करतो. त्यानं तेल कोमट केलं, त्यात पुदिन्याच्या अर्काचे थेंब टाकले, तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि बसला चोळत. "बरं वाटतंय ना?" असं त्यानं विचारलं. "हं, वाटतंय," ती म्हणाली, आणि थोड्या वेळानं तिचा डोळा लागला. झालं! या दुखण्यावर जगात एकच औषध आहे आणि ते आपल्या बोटांत आहे, ही गाठ त्यानं त्या दिवशी मारली ती मारलीच.

मग वर्षानुवर्षं तेच. बायकोचं डोकं चढल्याचा निरोप आला की गिऱ्हाइकाला अर्ध्या दाढीवर सोडून तो घरी पळे. दिवसभर उभं राहून पाय भरून आलेले असत, पण तेलाची वाटी आणि तो, तासन्‌तास. तोच प्रश्न, तेच उत्तर, आणि मग ती झोपली की तो पाय न वाजवता बाहेर येई. दुसऱ्या दिवशी सलूनमध्ये सांगे, डॉक्टरबिक्टर काही नाही, माझ्या हाताखाली झोपते ती. सांगताना छाती अशी फुगायची की गळ्याचं बटण तुटावं.

लेक मोठी होऊन औषधांच्या दुकानात कामाला लागली आणि घरात वादाला तोंड फुटलं. ती म्हणे, आईच्या दुखण्यावर खास गोळ्या आहेत, नीट तपासून घेऊ. तो म्हणे, गोळ्यांनी पोट जळतं, सवय लागते, आपलं तेल आणि आल्याचा काढा काय वाईट आहे? ती म्हणे, बाबा, झाडपाल्याचं ते सगळं निर्धोक, हे तुम्हाला सांगितलं कुणी? एकदा तर तो चिडून म्हणाला की तुझी आई माझ्या हाताखाली झोपते, तुझी गोळी तिला मांडीवर घेणार आहे का? आई दोघांच्या मध्ये बसून शर्टाला काजं करत राही. कुणाचीच बाजू घेत नसे.

पुढे दुखणं वाढलं. आठवडा सुका जाईना. आणि एक दिवस शिवता शिवता डोळ्यापुढे अंधारी आली आणि मशीनची सुई तिच्या बोटातून आरपार गेली. तेव्हा मात्र लेकीनं कुणाचं ऐकलं नाही, आईला डॉक्टरांकडे नेलंच. वस्तादही सोबत गेला, भांडायच्या तयारीनं.

पण डॉक्टरीणबाई निघाल्या शांत. त्यांनी तेलाला नावं ठेवली नाहीत की काढ्याला हसल्या नाहीत. अंधार, वेळेवर झोप, वेळेवर जेवण, भरपूर पाणी, हे सगळं चालू ठेवा म्हणाल्या. आल्यानं काहींची मळमळ कमी होते, पुदिन्याच्या तेलानं काहींना बरं वाटतं. मात्र एवढ्या वेळा दुखतं तर त्रास येऊच नये म्हणून एक गोळी रोज घ्यायची, आणि दुखायला लागल्या लागल्या दुसरी. ही दुसरी ऊठसूट घ्यायची नाही, नाहीतर गोळ्यांनीच डोकं धरतं. हे ऐकून वस्तादानं लेकीकडे अशा काही नजरेनं पाहिलं, जणू अर्धी लढाई जिंकली. तेवढ्यात बाईंनी लिहिता लिहिता विचारलं, दुखत असताना डोक्याला हात लावलेला सहन होतो का?

"दर वेळी मीच तर चोळून देतो," वस्ताद म्हणाला.

"त्यांना सांगू द्या."

बायको बोटाच्या पट्टीकडे बघत राहिली. "नाही होत," ती हळूच म्हणाली. "केससुद्धा दुखतात. उशीला डोकं टेकवत नाही. आणि त्या वासानं पोट ढवळतं."

बऱ्याच जणांचं असंच असतं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि पुढचं लिहू लागल्या. त्यांना काय ठाऊक! लेकीनं बापाकडे पाहिलंसुद्धा नाही. जिंकली होती, पण तिला ते नकोसं झालं.

घरी आल्यावर, चपलाही न काढता, वस्तादानं विचारलं, "मग तू झोपायचीस ती?"

"झोपले असं वाटलं की तुम्ही थांबायचात," ती म्हणाली. आणि मग तिलाच रडू आलं. "दिवसभर उभे राहून यायचात, इतक्या मायेनं बसायचात. कोणत्या तोंडानं सांगायचं होतं मी?"

तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो नुसता आपल्या हातांकडे बघत राहिला. आपण तिला इतकी वर्षं छळलं आणि वर गावभर मिरवलं, या विचारानं त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गोळ्या लागू पडल्या. पुढच्या खेपेला तिनं गोळी घेतली, पडदा ओढला आणि दिवेलागणीच्या आत उठून स्वतः चहा टाकला. वस्ताद बाहेरच्या खोलीत हात मांडीखाली दाबून बसला होता. तिला उभी पाहून त्याला आनंद झाला, अगदी खरा झाला, आणि त्याच वेळी आपली या घरातली जागा गेली असंही वाटून गेलं. सलूनमध्येही त्यानं लोकांच्या डोक्याला हात लावून भाकितं करायचं सोडलं. चंपी करताना दर थोड्या वेळानं विचारी, दुखत नाही ना? गिऱ्हाइकं हसत, वस्ताद म्हातारा झाला म्हणत.

बायकोला हे सगळं दिसत होतं. एका दुपारी सलून रिकामं असताना ती आली, आरशासमोर खुर्चीत बसली आणि अंबाडा सोडला. डोकं आज अगदी छान आहे म्हणाली. पिशवीतून साध्या, बिनवासाच्या तेलाची बाटली काढून तिनं त्याच्या हातात दिली. "लावा ना."

त्यानं तेल घेतलं. बोटं तिच्या केसांत घातली, फुलाला लावावीत इतकी हलकी.

"बरं वाटतंय ना?"

"हं, वाटतंय."

तेच शब्द. तोच मऊ आवाज, सुरुवातीच्या त्या दिवसापासूनचा. वस्तादानं आरशात पाहिलं. तिचे डोळे मिटलेले होते, श्वास संथ चालला होता. ती सुखानं पेंगत होती की त्यानं थांबावं म्हणून वाट बघत होती? हजारो डोकी त्याच्या हाताखालून गेली होती, पण हे एक डोकं त्याला वाचता येईना. त्यानं हात उचलले.

"थांबू नका हो," ती डोळे न उघडता म्हणाली.

हेही ती आपलं मन राखायलाच म्हणत असेल, असं त्याच्या मनात आलं, आणि तेलानं माखलेले ते हात तिच्या डोक्यावर पुन्हा काही टेकेनात.