दोनशे बारा पानांचा फॉन्ट

मी एक जुना फॉन्ट आहे, मित्रांनो. फॉन्ट म्हणजे संगणकावरच्या अक्षरांचा साचा. पाट्या रंगवणाऱ्या एका माणसाने मला घडवले. प्रत्येक अक्षर आधी ब्रशने कागदावर, मग संगणकावर. एकट्या 'ळ'साठी त्याने अकरा दिवस घालवले. त्याची बायको म्हणे, याला 'ळ'ने झपाटले आहे.

माझी घडण जुन्या पद्धतीची आहे. फाइलमध्ये आपली अक्षरे नसतातच. तिथे परक्या लिपीतली अक्षरे, कंस, टक्के, फुल्या असे काहीबाही असते. मी त्यावर आपल्या अक्षरांचे मुखवटे चढवतो. मी नसलो की खालचे सगळे उघडे पडते. मला स्वतःला मात्र वाचता येत नाही.

डीटीपीच्या एका दुकानात मी सोळा वर्षे राबलो. लग्नपत्रिका असो की शोकसंदेश, माझा चेहरा तोच. गिऱ्हाइके म्हणत, अक्षर कसे मोत्यासारखे आहे. मला त्याचे काही वाटत नसे. दुकान चालवणारी ताई दुपारी काम नसले की आपल्या आईला शेजारी बसवून घेई. आई लहानपणापासूनच्या आठवणी सांगे आणि ताईची बोटे कळफलकावर पळत. आईला धाप लागली की ती पाणी पिऊन पुन्हा सुरू करी. दोनशे बारा पाने झाली. छापू सावकाश, असे दोघी म्हणत राहिल्या.

मग नवे फॉन्ट आले. गरज सरो, वैद्य मरो. जुन्या यंत्रासकट मी माळ्यावर गेलो आणि ताईची फाइल नव्या यंत्रात गेली. पुढे आईची स्मृती जात चालली. तेव्हा कुठे ताईने घाईघाईने फाइल उघडली, तर पडद्यावर नुसती परकी अक्षरे. तिने यंत्रे दुरुस्त करणाऱ्याला बोलावले. त्याला माझा पत्ताच नव्हता. त्याने त्या अक्षरांवर परक्या भाषेचे शुद्धलेखन तपासणारे साधन चालवले आणि फाइल सेव्ह केली. वर सांगितले, "ताई, चुकाच चुका होत्या. सगळ्या सुधारून टाकल्यात."

दुसरी प्रत नव्हती, जुन्या यंत्रातही नाही.

ताईने मला माळ्यावरून उतरवले. मी आलो की सारे जागेवर येईल, असे तिला वाटले. मी नेहमीसारखे मुखवटे चढवले. काही ओळी धड उमटल्या, बाकीच्यांचा ताईला अर्थ लागेना. खालची अक्षरेच बदलली होती. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

ताई रडली नाही. तिने आईला खुर्चीत बसवले आणि ती वाचू लागली. एका ओळीपाशी अडून तिने विचारले, "आई, इथं काय होतं गं?"

आईने पडद्याकडे पाहिले. मग अदबीने म्हणाली, "कुणाची गोष्ट आहे हो ही? चांगली आहे. तुम्ही वाचा ना पुढे."

ताईने पुढची धड ओळ शोधली आणि वाचली.

मित्रांनो, मला तेव्हाही काही वाटले नाही. साच्याला काय वाटणार? तुम्हाला मात्र वाटते. म्हणून सांगतो, आपल्या माणसाचे बोलणे टिपलेत, तर त्याच आठवड्यात ते कागदावर छापून घ्या. आणि ज्याचे आहे त्याच्या हातात द्या, तो ते ओळखतो आहे तोवर.