पिवळा म्हणजे तयार

पासपोर्टच्या फोटोत दोन्ही कान दिसावे लागतात. चार वर्षं मी लोकांचे कान मोजले.

लाल म्हणजे हात लावायचा नाही.

जुन्या फोटोवर बुरशी चढते ती बहुतेक वेळा तोंडाजवळून. का, ते कुणाला माहीत नाही.

सव्वा ते पावणेदोन मास्तर मागच्या खोलीत डबा खातात, दाराकडे पाठ करून.

"नेहमी हेच वापरा." शेजारी एक रिकामा चौकोन.

आता नीट सांगते.

आमचं दुकान जुने फोटो दुरुस्त करून देण्याचं. पासपोर्टचे फोटो माझ्याकडे, दुरुस्ती मास्तरांकडे. फाटलेले, भिजलेले, घडी पडून चिरलेले फोटो येतात. मास्तर ते स्कॅन करतात, ती मूळ फाईल टिफ. तिची नक्कल करून जिच्यावर काम करायचं ती पीएनजी. काम झालं की जेपीजी, ती छापायची. एकाच नावाच्या तीन फाईली, नावामागचं शेपूट तेवढं वेगळं. मास्तरांनी सात वर्षांपूर्वी तिन्ही शेपटांना तीन वेगळे प्रोग्रॅम लावून ठेवले होते. जो प्रोग्रॅम फाईल उघडणार, त्याचं चित्र फाईलच्या डोक्यावर बसतं. टिफ लाल, पीएनजी निळी, जेपीजी पिवळी. वाचायचं कामच नाही, रंग बघायचा.

"शेपटं वाचत बसायला मी काय कारकून आहे?" असं म्हणायचे. सगळ्यांना ती हुशारी वाटायची.

ती हुशारी होतीच, सात वर्षांपूर्वी. गेल्या वर्षभरात मला कळलं की त्यांना शेपटं दिसतच नाहीत. एकदा ते माझ्या खुर्चीवर टांगलेल्या कोटाशी दोन मिनिटं बोलले. मी कपाटाजवळ उभी राहून ऐकून घेतलं.

पण हात! फोटो इतका मोठा करायचे की पडद्यावर नुसती एक नाकपुडी. मग ती नाकपुडी नीट करायची, मग पुढची. अख्खा चेहरा त्यांना दिसत नव्हता, आणि त्यांच्याइतका चेहरा कुणाला जमत नव्हता. मलाही नाही. हे लिहायला मला त्रास होत नाही.

मला मास्तरांची खुर्ची हवी होती. मालकांना दोनदा विचारलं.

"मास्तर आहेत तोवर नाही," मालक म्हणाले.

मास्तरांनी ऐकलं. दुकानात चार गिऱ्हाइकं होती, त्यांच्यासमोर म्हणाले, "पासपोर्ट, तू आपली कान मोज. चेहरे माझ्याकडे." ते मला पासपोर्टच म्हणायचे. गिऱ्हाइकं हसली. मालक हसले. मीही हसले, बराच वेळ.

गुरुवार, एकोणीस तारीख. तीन वाजता एक बाई नवऱ्याचा फोटो न्यायला येणार होत्या. त्यांच्याकडे उरलेला एकुलता एक, भिंतीवर लावायला मोठा करून हवा होता.

सव्वा वाजला. पाठ दाराकडे.

टिफवर उजवं बटण. यातून उघडा. दुसरा प्रोग्रॅम निवडा. पिवळा. नेहमी हेच वापरा, खूण. ठीक.

जेपीजीवर उजवं बटण. तेच. लाल. खूण. ठीक.

मिनिटही लागलं नाही. डब्याचं झाकण दाबल्याचा आवाज आला, तेव्हा मी माझ्या जागेवर कुणाचा तरी डावा कान मोठा करून बसले होते.

अडीचला मास्तरांनी पिवळी फाईल छपाईला टाकली. उघडून बघितली नाही. बघून त्यांना काय कळणार होतं? मशीनमधून कागद हळूहळू बाहेर आला. आधी केस, मग कपाळ, मग डाव्या डोळ्यातून उतरणारी पांढरी चीर, मग बुरशी. मी समोरच होते. अजून अर्धा तास हातात होता.

"या ताई, या. सोळा दिवस खपलोय यांच्यावर."

"तोंड नीट दिसतं ना हो आता?"

"दिसतं? अहो, बोलतील आता!" मास्तरांनी काउंटरवर कागद पसरला. दोन्ही तळव्यांनी कडा दाबून धरल्या.

बाई बघत राहिल्या. "हे तर तसंच आहे."

"तसंच कसं असेल? हा ओठ बघा. डाग म्हणून नाही." त्यांचं बोट बरोबर बुरशीच्या मध्यावर होतं. ते त्यांनी हळूच ओठाच्या रेषेवरून फिरवलं. रेषा तिथे नव्हतीच.

"तुम्ही माझी थट्टा करताय का?"

मालक उठून आले. कागदाकडे बघितलं, मग मास्तरांकडे. हात वर केला. "मास्तर, बोटं किती?"

"मालक, गिऱ्हाइकासमोर हे काय—"

"किती?"

मास्तरांनी मान जरा तिरपी केली. "तीन."

मूठ होती.

बाईंनी तोंडाला पदर लावला. मालक माझ्याकडे न बघताच म्हणाले, "तू बघ गं यांची फाईल."

मला दहा सेकंद लागले. शेपटं मला वाचता येतात. दुसरा कागद बाहेर आला आणि बाई रडायलाच लागल्या. "हेच! अहो, हेच ते! हसायच्या आधी असंच करायचे तोंड. कुणी केलं हो इतकं सुंदर?"

"हिने," मालक म्हणाले.

"पाच मिनिटं वाळू द्या हं ताई," मी म्हणाले. "लगेच गुंडाळू नका."

मास्तर आपल्या टेबलाचे खण चाचपत होते. त्यात त्यांचं फारसं काही नव्हतं. जाताना माझ्या खुर्चीपाशी थांबले. या वेळी अंदाज बरोबर होता, ते माझ्याशीच बोलले.

"रंग कुणी बदलले का गं?"

"नाही मास्तर. पिवळा पिवळाच आहे."

"मग माझंच चुकलं."

"होतं असं, वय झालं की."

त्यांनी मान हलवली. पायरी एक आहे, त्यांनी दोन धरल्या, आणि दुसरी न सापडल्यामुळे जोरात ठेचकाळले. मालकांच्या तोंडून हसू निसटलं. मग त्यांनी माझ्यासाठी ती खुर्ची स्वतः पुसली.

मास्तरांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन अठ्ठावीस तारखेला ठरलेलं होतं. दवाखान्याची चिठ्ठी सोमवारी त्यांना मीच वाचून दाखवली होती.