छावणीतली मोटार नेऊन दाखवा

जुनी म्हणा, म्हातारी म्हणा, अगदी खटारा म्हणा. मी ऐकून घेईन. विलायती मोटार आहे मी, आणि वय लपवायची मला सवय नाही. पण मित्रांनो, "हिला कोणीही चोरून नेईल" एवढं मात्र माझ्यासमोर कोणी म्हणायचं नाही. एकदा एका माणसानं ते म्हटलं होतं. त्याचं पुढं काय झालं, तेच आज तुम्हाला सांगणार आहे.

आधी माझी उणी बाजू सांगते, म्हणजे पाठीमागं कुजबुज नको. माझ्या दाराचं कुलूप कच्चं आहे. मला घडवणाऱ्या साहेबलोकांनी आसनांना मऊ कातडं लावलं, आत अक्रोडाच्या लाकडाची पट्टी बसवली, पुढच्या दिव्यांभोवतीच्या कड्यांना असा मुलामा दिला की त्यात तोंड पाहून फेटा बांधावा. सगळा जीव त्यांनी शोभेत ओतला आणि कुलपात मात्र पितळेच्या पातळ पट्ट्या घालून हात झटकले. त्या काळी मोटारीला चोर कोण असणार? अख्ख्या जिल्ह्यात मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या, आणि चालवता येणारे त्याहून कमी. पुढं त्या पट्ट्याही झिजल्या. तुमच्या आजच्या गाड्या परक्याचा हात लागला की बोंब ठोकतात, आणि आपली किल्ली ओळखल्याशिवाय इंजिन चालू होऊ देत नाहीत. माझ्यात असलं काही नाही. स्टिअरिंग अडवून धरणारी कळसुद्धा नाही. झालं, सांगून मोकळी झाले.

मी जहाजातून मुंबईला उतरले आणि पुढं रेल्वेनं औरंगाबादला आले. तेव्हा शहराचं नाव औरंगाबादच होतं. एका जहागीरदारांनी मला मागवलं होतं. त्यांच्याकडं मी ईदला आणि शिकारीला तेवढी बाहेर पडायची. मग पोलीस ॲक्शन झाली, जहागिरी गेल्या, जहागीरदार हैदराबादला निघून गेले आणि मी कन्नडच्या नानासाहेबांकडं आले. नानासाहेबांची शेती मोठी आणि आवाज त्याहून मोठा. घाटात मी हॉर्न वाजवायच्या आधी तेच ओरडायचे. त्यांनी माझे लाड केले, दसऱ्याला झेंडूची माळ घातली. पण दारात जीप आली आणि माझी रवानगी कडब्याच्या गंजीमागं झाली. कोंबड्यांनी मागच्या आसनावर अंडी घातली. त्या वर्षांत मला कोणी पळवलं असतं तर मी त्याचे आभार मानले असते. पण नको असलेल्या वस्तूकडं चोरही ढुंकून पाहत नाही.

तिथून मला सोडवलं गयासनं. औरंगाबादच्या छावणीच्या बाजारात त्याचं लहानसं गॅरेज होतं. नानासाहेबांनी मला भंगार म्हणून दिलं आणि त्यानं मला नवरीसारखं घरी आणलं. आसनं शिवली, इंजिन उघडून पुसलं, आणि मला लग्नाची गाडी केलं. त्याला बायकोचं फार कौतुक. तिचं नाव रईसा. छावणीमागच्या मोकळ्या रस्त्यावर त्यानं तिला चालवायला शिकवलं. ती क्लच सोडायची तशी मी बेडकासारखी उड्या मारायची, आणि ते दोघं पोट धरून हसायचे. तेवढं हसणं पुन्हा माझ्यात कोणी हसलं नाही. एका पावसाळ्यात गयास काविळीनं गेला.

मूलबाळ नव्हतं. चार महिने रईसा माझ्याजवळसुद्धा आली नाही. मग एके सकाळी बादली आणि फडकं घेऊन आली, मला धुतलं, आणि किल्ली लावली. लोकांनी तोंडात बोटं घातली, बाईमाणूस लग्नाची गाडी हाकणार म्हणून. पण मुलींच्या आयांनी मात्र लगेच ओळखलं. सासरी निघालेली पोर परक्या ड्रायव्हरच्या मागं तोंड दाबून रडते. रईसाच्या मागं मोकळेपणानं रडते. मग हिंदूंचं लग्न असो की मुसलमानांचं, छावणीतली मुलगी माझ्यातूनच जायला लागली. रईसा स्वतःच्या घरात, स्वतःच्या चुलीवर, ताठ मानेनं जगत होती आणि मी तिच्या दारात उभी होते.

हेच फारूखला खुपत होतं. फारूख म्हणजे गयासचा धाकटा भाऊ, सिल्लोडला कापसाच्या व्यापारात. माणूस वाईट नव्हता. पण बाईनं एकटं राहायचं, गाडी चालवायची, हे त्याला पटत नव्हतं. मला एका हॉटेलवाल्याला विकावं, त्यानं मला हॉटेलपुढं कुंडीसारखं ठेवावं, आणि रईसानं सिल्लोडला येऊन घरचा स्वयंपाक सांभाळावा, असा त्याचा बेत होता. एका सकाळी त्यानं भर गल्लीत सगळ्यांदेखत खिशातून घरच्या लोखंडी कपाटाची किल्ली काढली आणि माझ्या दारात घातली. जरा हलवली. दार उघडलं.

"देखो भाभी, कपाट की चाबी से खुलती! किसी दिन कोई बी उठा के ले जाएंगा. उसके पहले बेच डालो."

पोरं हसली. माझ्या बॉनेटवर कोणी थापड मारली असती तरी मला एवढं लागलं नसतं. रईसाचा चेहरा लाल झाला.

"जिस दिन चोरी हुई ना फारूखभाई, उस दिन मैं खुद सिल्लोड आती. तब तक नको बोलो."

रागात दिलेला असला तरी शब्द तो शब्द. सगळ्या गल्लीनं तो ऐकला होता. त्या दिवसापासून रईसानं माझ्या स्टिअरिंगला जाड साखळी लावायला सुरुवात केली. घरी लावायची, बाजारात लावायची. पण लग्नघरी नाही. कारण ज्याच्या मांडवात आपण जेवतो, त्याच्याच दारात गाडीला साखळी घालायची म्हणजे यजमानाच्या पाहुण्यांना चोर म्हणणं. ते तिच्यानं होत नव्हतं. मी कितीदा मनात म्हटलं, बाई, तुझी लाजलज्जा बाजूला ठेव आणि साखळी घाल. पण मोटारीचं मनातलं ऐकतो कोण?

आणि मग कारभारींच्या आशाचं लग्न आलं. कारभारींचं घर आमच्याच गल्लीच्या टोकाला. लग्न दुपारचं, पाठवणी संध्याकाळी. फारूखही सिल्लोडहून जेवायला आला होता. मी मांडवाशेजारी लिंबाखाली उभी होते, आणि मला सजवायच्या फुलांच्या माळा टोपलीत ओल्या फडक्याखाली ठेवलेल्या होत्या. आशाच्या आईनं, मनकर्णाबाईंनी, रईसाला हाताला धरून नवरीच्या शेजारी ताटावर बसवलं. साखळी डिकीतच राहिली.

तेवढ्यात तो आला. अंगात कडक इस्त्रीचा सफारी, केसांना तेल, कपाळाला अक्षता चिकटलेल्या. नवरीकडच्यांना तो नवऱ्याकडचा वाटला आणि नवऱ्याकडच्यांना नवरीकडचा. त्यानं एक पातळ पट्टी काढली आणि माझं दार उघडलं. मला वाटलं, आता बसेल आणि पळेल. पण गडी शहाणा होता, निदान स्वतःच्या मते तरी. मी रईसाची गाडी आहे हे सगळ्या छावणीला ठाऊक. नुसती नेली तर कोणीतरी हटकेल. माळा घातल्या तर लग्नाच्या गाडीला कोण हटकणार? त्यानं टोपली उचलली आणि सावकाश मला सजवायला घेतलं. मनकर्णाबाईंच्या सख्ख्या भावानं माळेचं दुसरं टोक धरलं! मी आतून जळत होते, आणि लोक म्हणत होते, छान दिसतेय हो. मग तो आत बसला, खाली वाकून तारा जुळवल्या, आणि माझं इंजिन मुकाट्यानं चालू झालं. काय करणार, तारा जुळल्या की मला चालू व्हावंच लागतं.

पण त्या शहाण्याला आमच्या गल्लीची रीत ठाऊक नव्हती. इथं सजलेली गाडी चौकात आली की बायका तिला आडव्या उभ्या राहतात. घराघरातली बाई नवरीच्या तोंडात चिमूटभर साखर घालते. सगळ्यांची साखर झाल्याशिवाय वाट मिळत नाही, मग आत कोणाची का लेक असेना. आणि सजलेली गाडी रिकामी नेणं हा तर अपशकुन. दुसऱ्या पंगतीची वाट पाहत बायका आपापल्या ओट्यावर बसल्या होत्या. मला माळा घालून येताना पाहिलं आणि धावाधाव झाली. सगळ्यांच्या पुढं साखरेची वाटी घेऊन वच्छलाबाई.

"थांबा, थांबा! पाठवणी झाली बी? आन् आमाला सांगावा नाय?"

"मावशी, बाजूला व्हा. घाई आहे."

"घाई कशाची? नवरी कुठंय?"

"नवरीलाच आणायला चाललोय."

"नवरी तर मागं मांडवात हाय. तू म्होरं कुठं चाललास?"

शेजारच्या भागूबाईंनी खिडकीतून आत डोकं घातलं. "आन् रईसा कुठंय? ही गाडी परक्याच्या हातात आमी कवाच पाह्यली नाय."

"तिची तब्येत बिघडली."

"आत्ता तर हिंडत होती की! आन् मोकळी गाडी सजवून न्यायची नसती, एवढं बी ठाव नाय व्हय रं तुला?"

त्यानं हॉर्न दाबला. बायका हलल्या नाहीत. त्यानं पुन्हा दाबला. वच्छलाबाई माझ्या बॉनेटला टेकून उभ्या राहिल्या. ऊन मे महिन्याचं. एका जागी उभं राहून माझं इंजिन तापलं, आणि तापल्यावर माझ्या नळीतल्या पेट्रोलची वाफ होते. जुन्या गाड्यांना ती खोडच असते. मी दोनदा खोकले आणि बंद पडले. मित्रांनो, आयुष्यात एवढ्या आनंदानं मी कधीच बंद पडले नव्हते! तो पुन्हा पुन्हा तारा जुळवत राहिला आणि मी नुसती घरघर करत राहिले. शेवटी तो दार उघडून पळायला निघाला. बायकांनी त्याला पोलीस येईपर्यंत धरून ठेवलं, आणि त्या सफारीची इस्त्री पार उतरवली.

रईसा धावत आली तेव्हा तिच्या हाताला वरण तसंच होतं. तिनं माझ्या दारावर डोकं टेकलं. मागून धापा टाकत फारूख आला.

"बोला था ना मैं? हुई ना चोरी? जबान दिए थे भाभी, याद है ना?"

रईसाचं तोंड उतरलं. तिचं घर, तिची चूल, मी, सगळं त्या एका शब्दाला टांगलेलं होतं. मग तिनं पदराला हात पुसला, पदराच्या गाठीतली किल्ली सोडली आणि फारूखच्या हातात ठेवली.

"याद है. ले जाओ गाडी. मैं पीछे से आती."

फारूख आत बसला. समोर बायका होत्या तशाच उभ्या.

"ओ भाऊ," वच्छलाबाई म्हणाल्या, "नवरी बसल्याबिगर ही गाडी चौकाच्या म्होरं जात नसती. चोरासाठी हललो नाय, तुमच्यासाठी काय हलणार?"

त्यानं किल्ली फिरवली. घरघर. पुन्हा फिरवली. घरघर. घामानं त्याची टोपी भिजली. आधी भागूबाई हसल्या, मग सगळा चौक.

"चोरी हुई किधर फारूखभाई?" रईसा खिडकीशी वाकून म्हणाली. "चोर चौक के बाहर नै ले जा सका. आप खरी चाबी लेके बी नै ले जा सके. फिर ये गई किधर?"

फारूखनं टोपी काढून घाम पुसला. मग खाली उतरला, किल्ली तिच्या हातात दिली आणि म्हणाला, "जेवण थंड होतंय. चलो." सिल्लोडचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही. रईसानं फडकं भिजवून माझ्या नळीवर घातलं, जरा थांबली, आणि मी चालू झाले. रिकामी पुढं जायचं नव्हतं; म्हणून ती मला उलटी, मागं मागं, मांडवापर्यंत घेऊन गेली. संध्याकाळी आशा बसली, साखर झाली आणि वाट मोकळी झाली.

मित्रांनो, तुमच्या गाडीला कुलूप लावा, चांगलं भक्कम लावा. मी नको कशाला म्हणू? पण तिला धुवा, तेलपाणी करा, शेजाऱ्यांच्या पोरींना तिच्यात बसवा. अडगळीत टाकलेल्या वस्तूसाठी कोणी भर उन्हात आडवं उभं राहत नाही, हे मी कडब्याच्या गंजीमागं राहून शिकले आहे.

रईसा आता थकली. माझं स्टिअरिंग आशाची लेक धरते. कुलूप अजून तेच आहे, पट्ट्या आणखी झिजल्यात. ज्याला मला न्यायचं असेल त्यानं खुशाल यावं. दार लगेच उघडेल. पुढचं काय ते त्यानं चौकात वच्छलाबाईंच्या सुनांशी बोलून घ्यावं.