पाण्यातच बांधायचा डबा

बारवेवर लोखंडी जाळी बसवायचा विषय ग्रामसभेत निघाला, तेव्हा कुणी हूं की चूं केलं नाही. नाही म्हणण्यासारखं त्यात काही नव्हतंच. गाव आणि तांडा यांच्या मधोमध असलेली ती जुनी पायऱ्यांची बारव ऐन उन्हाळ्यातही आटत नसे, आणि शाळेला सुट्ट्या लागल्या की लेकरं तिच्यात उतरल्यावाचून राहत नसत. इतकी वर्षं त्यांना पोहायला शिकवणारी तांड्यावरची रूपाबाई होती, म्हणून दोन्हीकडच्या आया निर्धास्त होत्या. पण माघात रूपाबाई गेली. रात्री भाकर खाऊन निजली ती सकाळी उठलीच नाही. आता लेकरांना कोण बघणार? सरपंच वैजनाथ म्हणाला, बाळापूरच्या वेल्डरला हातातलं काम उरकायचंय, तो अक्षय तृतीयेला येईल. जाळी बसली की कुलूप लावायचं आणि किल्ली पंचायतीत ठेवायची.

तेवढ्यात मागे बायकांत बसलेल्या पार्वतीबाई उठल्या.

“जाळी काहून पायजे?” त्या म्हणाल्या. “मी शिकवीन की लेकरायला.”

सभेत हसू पसरलं. पार्वतीबाईंनी सत्तरी ओलांडली होती. गावानं त्यांना बारवेच्या पायरीवर पाहिलं होतं, पाण्यात कधीच नाही. रूपाबाई पाण्यात आणि पार्वतीबाई पायरीवर, पोरांचे कपडे सांभाळत, भिजून आलेल्याच्या हातावर गूळ-शेंगदाणे ठेवत, असंच ते चित्र होतं.

“शिकवा की काकू,” संतराम म्हणाला. “पर तुमाला वर काढायला कोणाला ठिवायचं, ते बी सांगा.”

पार्वतीबाईसुद्धा हसल्या, पण खाली बसल्या नाहीत. वैजनाथला त्यांचा मान ठेवायचा होता आणि सभाही आटोपायची होती. तो म्हणाला, अक्षय तृतीयेपर्यंत एक तरी लेकरू पाठीवरच्या डब्याबिगर या काठावरून त्या काठावर जाऊन आलेलं दाखवा, मी वेल्डरला आल्या पावली परत धाडतो. असं काही होणार नाही याची त्याला खात्रीच होती.

पार्वतीबाईंचं माहेर आणि सासर याच गावात. रूपा तांड्यावरची. दोघी शेरडं राखायला एकत्र जायच्या, तेव्हापासूनची त्यांची जोडी. रूपा लग्न होऊन कळमनुरीकडच्या एका तांड्यावर गेली, लवकरच विधवा झाली आणि कडेवरच्या सुदामला घेऊन माहेरी आली. त्या दिवशी पार्वतीबाई भाकरीचं पेंडकं घेऊन तांड्यावर गेल्या आणि काहीही न विचारता तिच्याजवळ बसून राहिल्या. तिथून पुढे एक दिवस एकमेकींना पाहिल्याशिवाय गेला नाही.

पण खरी गोष्ट त्याच्याही आधीची होती. तेव्हा दोघी परकरातल्या होत्या, आणि पार्वतीबाई नुसती पारू होती. रूपाला पोहता येत होतं आणि पारूला ती पाठीवर वाळका भोपळा बांधून बारवेत फिरवायची. एकदा पाण्यात उतरताना पारूचा भोपळा पायरीच्या दगडावर आदळला आणि त्याला बारीकशी चीर गेली. पारूला पत्ताच नाही. ती हातपाय मारत निघाली. मागून येणाऱ्या रूपाला दिसलं की भोपळ्यातून बुडबुडे निघताहेत आणि तो हळूहळू पाण्याखाली जातोय. रूपानं तोंडातून शब्द काढला नाही. फक्त जरा जवळ सरकली आणि पारूच्या मागोमाग पोहत राहिली. पलीकडच्या भिंतीशी पोचल्यावर तिनं भोपळा सोडून वर उचलला, तर आतून भळाभळा पाणी सांडलं. पारूला रडावं की हसावं कळेना. तू मला सांगितलं काहून नाही, असं तिनं चिडून विचारलं, तेव्हा रूपा म्हणाली होती, “मी वरडले असते तर तू बुडाली असतीस.”

पुढे धरणाचा कालवा शिवारातून गेला. पहिल्याच उन्हाळ्यात त्यात शेजारच्या गावचं एक पोरगं वाहून गेलं, तेव्हा रूपाबाईनं ठरवलं की आपल्या दोन्ही वस्त्यांतलं एकही लेकरू पोहायला न शिकता राहू द्यायचं नाही. भोपळ्याच्या जागी तेलाचा रिकामा प्लास्टिकचा डबा आला. रीत मात्र त्या चिरलेल्या भोपळ्याचीच. पहिल्या दिवशी डबा रिकामा. दुसऱ्या दिवशी त्यात थोडं पाणी. मग आणखी थोडं. लेकराच्या अंगात जेवढं बळ येई, तेवढा डबा कमी तरंगायचा. शेवटी डबा पुरता भरलेला असे, म्हणजे नुसता पाठीवरचा दागिना, आणि लेकरू त्याच्या भरवशावर खुशाल फिरत असे. मग एके दिवशी रूपाबाई तो सोडायची आणि लेकराला ढकलून द्यायची.

डबे भरायचं काम पार्वतीबाईंचं. पायरीवर बसून, लुगड्याच्या आडोशाला, कुणाच्या डब्यात किती पाणी घालायचं हे त्या रूपाबाईच्या एका नजरेवरून ओळखत. भरलेला डबा कोरड्यावर हातात घेतला तर वजनाने लगेच कळलं असतं. म्हणून रूपाबाईचा कडक नियम होता, की डबा पाण्यात उभं राहूनच बांधायचा आणि पाण्यातच सोडायचा. लोकांना वाटे, तिचा काही नवस असेल. दोघींनी कधी कुणाला खरं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुढच्या लेकरांना ते कळलं असतं, आणि आपल्या डब्यात पाणी आहे हे कळलेलं लेकरू पाय उचलायला तयार झालं नसतं.

असं एक लेकरू निघालंच. रूपाबाईची स्वतःची नात, शिला. नऊ वर्षांची आणि नजर घारीची. आजीच्या मागेमागे फिरून तिनं सगळं पाहून ठेवलं होतं. गेल्या उन्हाळ्यात रूपाबाईनं तिला डबा बांधायला घेतला की ती आधी त्यावर टिचकी मारायची आणि आवाजावरून ओळखायची. थेंबभर जरी पाणी असलं तरी पाण्याबाहेर. “पारू, समद्या गावाला शिकवलं अन् ही घरचीच कोरडी राह्यली,” असं म्हणत रूपाबाई हसायची. पण ती मनातून खट्टू होती, हे पार्वतीबाईंना ठाऊक होतं.

आणि ग्रामसभेनंतर कुणी आपलं लेकरू पार्वतीबाईंच्या हवाली करीना, तेव्हा सुदाम नेमका हिलाच घेऊन बारवेवर आला. माझ्या याडीनं, आईनं, समद्यांना शिकवलं, तिच्याच नातीला पोहता येऊ नये हे बराबर न्हाई, एवढंच तो म्हणाला आणि गेला.

पार्वतीबाईंनी नऊवारीचा कासोटा घट्ट खोवला आणि कित्येक वर्षांनी बारवेत उतरल्या. पाणी छातीशी आलं तेव्हा श्वास अडकला. आणखी एक पायरी उतरल्यावर पाय सुटले, आणि हातांना आपोआप सगळं आठवलं. रूपा बघत असती तर म्हणाली असती, आलीस का शेवटी म्हातारे.

पहिल्या दिवशी त्यांनी लपवून ओंजळभर पाणी घातलेला डबा आणला. शिलानं टिचकी मारली.

“पारूआजी, ह्याच्यात पाणी हाय.”

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी त्यांनी टिचकीचा आवाज दबावा म्हणून डब्याला फडकं गुंडाळलं, तर पोरीनं फडकं सोडून टोपण उघडलं आणि आत डोकावून पाहिलं. वर म्हणाली, आजी पण अशीच लबाडी करायची.

त्या दुपारी पार्वतीबाई बराच वेळ पायरीवर बसून राहिल्या. रूपाची रीत त्यांना पाठ होती. पण त्या रीतीचं मर्म न सांगण्यात होतं, आणि या पोरीला तर सगळं आधीच माहीत. हिला फसवून शिकवता येणार नाही. मग न फसवता शिकवावं लागेल. रूपाला जे जमलं नाही ते आपल्याला कसं जमावं, असा विचार मनात आला, आणि पाठोपाठ हसूही आलं. कारण शेरडं राखतानासुद्धा, जे रूपाला जमत नसे ते ती बिनदिक्कत पारूवर ढकलून द्यायची.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रिकामा डबा टोपणासकट शिलाच्या हातात दिला.

“तूच भर. तुला वाटंल तेवढं. न्हाई वाटलं तर नको भरू.”

शिलानं संशयानं त्यांच्याकडे पाहिलं, डबा वरखाली करून पाहिला. मग अगदी चूळभर पाणी घातलं, टोपण लावलं आणि टिचकी मारून पाहिली. आपणच घातलेलं पाणी. तिला काढायचं काही कारण सापडेना. ती पोहली.

सगळे दिवस सारखे गेले नाहीत. एकदा नाकात पाणी गेलं, तर पोरगी पुढचे दोन दिवस डबा पुरता रिकामा करून आली. एकदा अर्ध्यापर्यंत भरला आणि बांधायच्या आधीच घाबरून ओतून टाकला. अक्षय तृतीया जवळ येत होती. थोडं जास्त भर गं बाई, हे शब्द पार्वतीबाईंच्या ओठावर येत आणि त्या ते गिळून टाकत. त्या फक्त तिच्या मागोमाग पोहत राहत, हात लागणार नाही पण पोचेल एवढ्या अंतरावर. हळूहळू काठावर दोनचार लेकरं जमू लागली. त्यांत वैजनाथची लेक वैष्णवीही होती. शिला त्यांच्यासमोर डब्यात पाणी भरताना मुद्दाम जरा वेळ लावायची.

अक्षय तृतीयेच्या सकाळी जाळी घेऊन टेम्पो आला. मागोमाग वैजनाथ, संतराम आणि निम्मं गाव. शिलाला डब्यासह पाण्यात पाहून वैजनाथ ओशाळला. तो खालच्या पायरीपर्यंत आला आणि हळू आवाजात म्हणाला, “काकू, तुमी लई तकलीफ घेतली. पर डबा तर अजून पाठीवरच हाय.”

पार्वतीबाईंनी शिलाकडे पाहिलं नाही. मी आता हिच्याकडे पाहिलं, तर ते सांगितल्यासारखंच होईल, असं त्यांना वाटलं.

शिलानं एकदा वर टेम्पोकडे पाहिलं. मग पायरीवर येऊन डबा पाठीवरून सोडून घेतला, टोपण काढलं आणि डबा पाण्याखाली दाबून धरला. बुडबुडे येत राहिले. यायचे थांबले, तेव्हा तिनं पाण्याखालीच टोपण घट्ट लावलं आणि पाठ फिरवून उभी राहिली.

“बांध, पारूआजी.”

पार्वतीबाईंनी गाठ मारली आणि एकदा ओढून पाहिली. शिला निघाली. पार्वतीबाई मागोमाग. पोरगी भिंतीशी पोचली, दगडाच्या खाचेला हात धरून तिनं दम खाल्ला आणि म्हणाली, “आता सोड.” डबा सुटून पाण्यात रेंगाळत राहिला. शिला परत फिरली आणि मोकळ्या पाठीनं या काठाला येऊन लागली.

वरून तांड्याकडच्या बायकांनी एकच गलका केला. सुदाम पायऱ्या उतरून पाण्याशी आला आणि पोरीचं ओलं डोकं पोटाशी धरून राहिला.

वैजनाथ मात्र त्या डब्याकडे बघत होता. डबा जेमतेम तोंड वर काढून हेलकावत पायरीशी आला, तसा त्यानं तो उचलायला हात घातला आणि त्याचा खांदाच खाली गेला.

“काकू, हा तर भरलेला हाय.”

आता लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं. भोपळ्यापासून लुगड्याच्या आडोशापर्यंत सगळं पार्वतीबाईंनी पाण्यात उभ्या उभ्या सांगून टाकलं. माणसं ऐकत राहिली. त्यांतल्या जवळजवळ प्रत्येकाच्या पाठीवर कधी ना कधी तो डबा होता. एक दिवस रूपामावशीनं डबा काढला, ढकललं आणि मी आपल्या हिमतीवर पोहलो, असं वैजनाथ तर लग्नाच्या पंगतींमधून सांगत आला होता.

“म्हंजी माझ्या बी डब्यात पाणी हुतं?” त्यानं विचारलं.

“काठोकाठ.”

संतराम मोठ्यानं हसला.

“तू नको हसू,” पार्वतीबाई म्हणाल्या. “तुला तर भरलेला डबा बांधून सारा आठवडा फिरवला. तू सोडूच देईनास.”

हशा उसळला. पण वैजनाथ हसत नव्हता. “मंग मावशीनं मला ढकललं, तवा?”

“तवा तुला पोहता येतच हुतं, बाबा. तिनं फकस्त तुला सांगितलं.”

वैजनाथनं डबा पाण्यात सोडून दिला. मग त्यानं खिशातला मोबाईल काढून पायरीवर ठेवला, त्याच्यावर सदरा ठेवला, धोतराचा काचा मारला आणि थेट बारवेत उडी घेतली. त्याच्या मागे संतराम. मग तांड्यावरची पोरं, मग गावातली, मग हिंगोलीहून सणाला आलेले दोघे भाऊ, ज्यांना रूपाबाईनं एकाच उन्हाळ्यात शिकवलं होतं. माहेरी आलेल्या लेकी पदर खोवून उतरल्या. जो तो रूपामावशीचं नाव घेऊन पाण्यात पडत होता. बारवेचं पाणी चढून वरच्या पायरीवर आलं. वैष्णवी एक रिकामा डबा शोधून घेऊन शिलापुढे जाऊन उभी राहिली होती, आणि त्या सगळ्या दंग्यात पार्वतीबाई पाठीवर पडून, डोळे मिटून, तोंडावर ऊन घेत तरंगत होत्या.

वेल्डर वरून ओरडून विचारत होता, जाळी कुठं उतरवायची. त्याला उत्तर द्यायला कोरडं माणूस कुणी उरलंच नव्हतं.