पैकीच्या पैकी

"दहा," मावशी म्हणाली आणि तिने खुर्चीचा हात घट्ट धरला.

भाचीचं बोट टॅबच्या काचेवर अडलं. सरकारी योजनांनी माणसं सुखी होतात की नाही हे तपासणं हा तिचा पेशा. नात्यातल्या माणसाला आपण प्रश्न विचारू नयेत हा तिच्या संस्थेचा दंडक. पण सहकारी तापाने आडवा झालेला, म्हणून आज तीच मावशीसमोर बसली होती. तिने प्रश्न पुन्हा वाचला. इथल्या आयुष्यावर तुम्ही किती समाधानी आहात, शून्य ते दहा?

"दहा म्हटलं ना. लिही."

मावशीने उभा जन्म शाळेत गणित शिकवलं आणि कुणाला म्हणून पैकीच्या पैकी दिले नाहीत. सख्ख्या भाचीलाही नाही; अक्षरावरून का होईना, एक गुण कापल्याशिवाय तिला चैन पडत नसे. मागच्या पाहणीत तिने या निवासाला सात दिले होते, तेही चहा कोमट असतो म्हणून भरपूर तोंडसुख घेऊन.

एकट्या राहणाऱ्या वृद्धांनी घरी मदतनीस घ्यावी किंवा या निवासात यावं, पटलं नाही तर खुशाल परत जावं, अशी ही योजना. आराखडा भाचीचाच. कुणावर जबरदस्ती नाही, निवड ज्याची त्याची, हे वाक्य तर तिने अभिमानाने घातलं होतं. मावशी नको नको म्हणत असताना गळही तिनेच घातली होती.

शेजारची खाट रिकामी होती, गादी गुंडाळलेली. मावशीच्या कुरकुरीला साथ देणाऱ्या शिंपीणबाई तिथे असायच्या. त्या कुठे आहेत, असं भाचीने विचारलं.

मावशीने आधी दाराकडे पाहिलं. दार उघडं ठेवायचा इथला नियम होता. बाहेर एक माणूस मघापासून तेवढीच फरशी पुसत होता.

"त्यांनी तीन सांगितले होते," ती जेमतेम ऐकू येईल असं बोलली. "पलीकडच्या इमारतीत नेलं, विशेष काळजी घ्यायला. तिकडून अजून कुणी परत आलेलं नाही."

'विशेष काळजी' हे शब्द भाचीचेच. कमी आकडा सांगणाऱ्यांकडे जास्त लक्ष द्यावं, असं तिने अहवालात मोठ्या मायेने सुचवलं होतं. तुमचं नाव कुणाला कळणार नाही, असा शब्दही प्रत्येकाला दिला होता. नावं नव्हतीच, पण पुढच्या खेपेला तोच माणूस सापडावा म्हणून खाटेचा क्रमांक ठेवावा लागतो, या धंद्यात सगळेच ठेवतात. मदत लवकर पोचावी म्हणून तो तिने व्यवस्थापकांना दिला होता. आता काय म्हणावं! कुठल्या खाटेवर कोण झोपतं हे अख्ख्या निवासाला ठाऊक असतं, एवढी साधी गोष्ट तिच्या डोक्यातच आली नव्हती.

आणि निवासातलं समाधान वाढलं म्हणून तिने सभा गाजवल्या होत्या. वाढेल नाही तर काय करेल? नाखूश माणसं मोजायला उरलीच नव्हती.

"चल घरी," ती कुजबुजली. "आत्ताच्या आत्ता."

"कारण विचारतात. करमत नाही म्हटलं की आधी पलीकडे नेतात, समजूत घालायला." मावशीने तिच्या मनगटावर हात ठेवला. "तू दहा लिही. बाकीच्यांचेही दहाच लिही. म्हणजे कुणाला हलवणार नाहीत."

भाचीने लिहिले. बाकीच्या खोल्यांत तर खोटं लिहायची वेळच आली नाही. सगळे दहाच म्हणाले, काहीजण प्रश्न पुरा होण्याआधीच.

व्यवस्थापक व्हरांड्यात वाट पाहत होते. माणूस मोठा गोड बोलणारा. उद्या मंत्रालय डोक्यावर घ्यायचं, पण आज इथे ब्र काढायचा नाही, असं भाचीने मनाशी पक्कं केलं होतं.

"सगळे खूश आहेत," ती म्हणाली. "एकही आकडा कमी नाही."

"वा! म्हणजे आता ते परत जाण्याचं कलम नको. ज्यांना जायचंच नाही, त्यांच्यासाठी वाट कशाला मोकळी ठेवायची? वरून सही झालेली आहे, फक्त तुमच्या तोंडून ऐकायचं होतं. आजपासून लागू करतो."

भाचीने मागे वळून पाहिलं. व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला मावशी दारात उभी होती. भाचीने आपलं ऐकलं, एवढं तिला लांबून कळलं असावं. ती कौतुकाने हसली आणि आत गेली.